दुसरं इंजिन आहेच ना?

अंधेरीतल्या ज्या क्लासमध्ये मी वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना तांत्रिक विषय शिकवतो, तिथे मे महिन्यात एका विद्यार्थ्याची आई भेटायला आली. कल्याणहून लोकलने आलेल्या, हातात बँकेच्या कर्जाची फाइल. मुलाचे सिंगल इंजिनवरचे तास संपत आले होते, पुढचा टप्पा मल्टि-इंजिनचा. फीचं बोलणं झालं. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "सर, आता तरी माझा जीव थोडा निवांत होईल. इतके दिवस एकच इंजिन होतं. आता एक बंद पडलं तरी दुसरं आहेच ना?"

"हो ताई" म्हणून वेळ मारून नेता आली असती. नेली नाही, कारण नेमका हाच समज मनात घेऊन मुलं त्या छोट्या दुइंजिनी विमानात बसतात. शिकवणाऱ्यांचं काम हा समज मुळापासून काढण्याचं आहे. ते काम आपण ज्या पद्धतीने करतो त्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे.

त्या ताईंना मी घरखर्चाचा हिशेब सांगितला. नवरा-बायको दोघं कमावतात, प्रत्येकी पन्नास हजार. घर चालवायला चाळीस हजार लागतात, महिन्याकाठी साठ हजार शिल्लक पडतात. एकाची नोकरी गेली तर उत्पन्न निम्मं होतं. शिल्लक मात्र साठावरून थेट दहावर येते. विमानाचं वर चढणं या शिलकीवर चालतं. सरळ पातळीत उडायला लागणारी शक्ती वजा जाऊन जी उरते, तीच त्याला वर नेते. म्हणून दोनातलं एक इंजिन गेलं की शक्ती ५० टक्के जाते आणि चढण्याची क्षमता ८० टक्क्यांहून जास्त जाते. त्यात बंद इंजिनाचा प्रॉप, म्हणजे पंखा, वाऱ्याने गरगरत राहिला तर तो हवेत आडवा घातलेला पाटच. नोकरी गेली पण कर्जाचा हप्ता चालूच, अशी ती अवस्था. उरलेले दहाही तो खातो. प्रॉप फेदर केला, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धार देऊन वळवली, की हप्ता थांबतो. तेही वेळेत करावं लागतं. बऱ्याच पिस्टन इंजिनांत फेरे फार खाली, मिनिटाला ८०० ते १,०००च्या आसपास, उतरले की आतल्या खिट्ट्या अडकतात आणि मग प्रॉप फेदर होतच नाही.

शिल्लक ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी समजायला बैलगाडी डोळ्यांपुढे आणावी. जोडी धावत असताना डावा बैल बसला तर गाडी मंदावते आणि डावीकडे फिरतेही, कारण उजवा जोर लावतच असतो. विमानाचं तसंच. ते फिरणं थोपवायचं रडरने, म्हणजे शेपटीवरच्या, पायाने हलवायच्या सुकाणूने, आणि रडरला बळ मिळतं ते वाहत्या हवेकडून. वेग पडला की रडरची पकड सुटते. ज्या वेगाखाली पूर्ण रडर दाबूनही विमान सरळ ठेवता येत नाही त्याला व्हीएमसी म्हणतात. वेगमापकावर तिथे लाल रेघ असते. एका इंजिनावर जास्तीत जास्त चढता येईल त्या वेगाला निळी रेघ. पायपर सेमिनोल हे जगभर शिकवण्यासाठी वापरलं जाणारं विमान घ्या: लाल रेघ ५६ नॉट्सवर, निळी ८८वर. लाल रेघेखाली गेलात आणि चालू इंजिन पूर्ण जोरात असेल, तर विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळतं, त्या बाजूचा पंख खाली जातो आणि बघता बघता ते पाठीवर होतं. तिथे घात करतं ते चालू असलेलं इंजिन. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फाइल मांडीवरून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग यापेक्षा एकच बरं की."

काही वेळा खरंच एकच बरं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते आकड्यांनीच दिसतं. सेमिनोल पूर्ण वजनावर, एका इंजिनावर, मिनिटाला जेमतेम ५० फूट चढू शकते ती उंची ३,८०० फूट, आणि तीही प्रमाण तापमानाच्या हवेत. समुद्रसपाटीला हे प्रमाण तापमान १५ अंश आहे. मुंबईत ३५ अंशांची दुपार असेल तर विमानाच्या लेखी ते जमिनीवर असतानाच २,४०० फुटांवर आहे. पण मुंबईची मुलं हल्ली मुंबईत शिकत नाहीत. जुहूला १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षणसुद्धा धुळ्याला चालतं. बाकीची मुलं बारामती, गोंदिया, जळगाव अशी पांगलेली. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. तिथे ४० अंशांच्या दुपारी हिशेब मांडला तर उत्तर ५,००० फुटांच्या वर येतं. पूर्ण भरलेलं असं विमान तिथल्या धावपट्टीवर उभं असतानाच एका इंजिनाची मर्यादा ओलांडून बसलेलं असतं. दोघंच बसले, इंधन बेताचं भरलं, तर थोडं काही हाती लागतं, पण ते थोडंच. यात विमान बनवणाऱ्याने फसवलेलं नाही. ६,००० पौंडांपर्यंत वजनाच्या आणि स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो) कमी असलेल्या या वर्गातल्या विमानांना एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी सक्तीच अमेरिकी प्रमाणन नियमांनी वर्षानुवर्षं केलेली नव्हती. सगळे आकडे पुस्तिकेत छापलेले असतात. शिकवताना ते मोठ्याने वाचायचे असतात.

आता आपण शिकवतो कसं ते सांगतो. कमर्शियल लायसन्ससाठी लागणाऱ्या २०० तासांतले साधारण १५ तास मल्टि-इंजिनवर होतात. हे तास सर्वांत महाग. या १५ तासांत एक प्रसंग ठरलेला असतो: टेकऑफ झाला, चाकं वर घेतली, आणि प्रशिक्षक चेकलिस्टचा पुठ्ठा लिव्हरांपुढे आडवा धरून एक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी लिव्हर, मागे ओढतो. मुलाने ओळखायचं कुठलं गेलं, रडर द्यायचा, नाक खाली घ्यायचं, प्रॉप फेदर केल्याचा अभिनय करायचा. हे ३,००० फुटांवर झालं तर उत्तम सराव आहे. पण ते २०० फुटांवरही केलं जातं, आणि तेच 'खरं' मानलं जातं.

माझ्यावर ते झालं तेव्हा मी २१ वर्षांचा होतो. डावं थ्रॉटल गेलं, नाक डावीकडे भरकटलं, माझा उजवा पाय पेडलवर पडायला उशीर झाला. काटा निळ्या रेघेच्या खाली सरकताना मला दिसत होता आणि पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. प्रशिक्षकाने थ्रॉटल पुढे केलं, विमान सावरलं. खाली आल्यावर ते म्हणाले, "रिअ‍ॅक्शन स्लो आहे. पाय लवकर मार." मी तेवढंच शिकलो, लवकर. उडायचंच नाही, दोन्ही थ्रॉटल मागे घेऊन समोर उतरायचं, हाही एक पर्याय असतो हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. पुढे मी स्वतः प्रशिक्षक झालो आणि तोच पुठ्ठा तसाच आडवा धरून तेच केलं. एकदा एका हुशार मुलाने घाईत डावा पाय दाबला. डावंच इंजिन गेलेलं असताना. माझे पाय पेडलवर होते म्हणून आज हे लिहितो आहे. तो मुलगा आज एअरबस उडवतो. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही, आणि न बोलणं ही माझी चूक होती.

८ मार्च १९९४ रोजी दिल्लीत असे पाय पेडलवर नव्हते. सहारा कंपनीचं बोइंग ७३७ प्रशिक्षणाच्या फेऱ्या मारत होतं. इंजिन गेल्याचा सराव सुरू झाला, शिकणाऱ्याने चुकीच्या बाजूचा रडर दिला आणि प्रशिक्षकाने तो अडवून धरला नव्हता. विमान कोसळलं, त्याचा मलबा उभ्या असलेल्या रशियन इल्युशिन विमानावर गेला. एकूण ९ माणसं गेली. त्यातली निम्म्याहून अधिक त्या सरावात नव्हतीच. १९६७ साली न्यू ऑर्लिन्सजवळ डेल्टाचं डीसी-८ दोन इंजिनं बंद असल्याचा सराव करताना वस्तीवर पडलं, विमानातले ६ आणि जमिनीवरचे १३ गेले. ही मोठी जेट विमानं होती, आणि अशा अपघातांनंतर मोठ्या विमान कंपन्यांनी हा सराव हळूहळू विमानातून काढून सिम्युलेटरमध्ये नेला. आज एअरलाइनच्या वैमानिकाचं इंजिन टेकऑफला बंद पडतं ते सिम्युलेटरमध्ये, चुकला तर खोलीत दिवे लागतात आणि पुन्हा सुरुवात होते. ज्याच्या हातात हजारो तास आहेत त्याला ही सोय. ज्याच्या हातात पावणेदोनशे तास आहेत, ज्याचं विमान एका इंजिनावर जेमतेम चढतं, त्याला मात्र खऱ्या जमिनीपासून दोनशे फुटांवर. याचं समर्थन मला आजवर कोणी नीट करून दाखवलेलं नाही.

अनुभवी हात असले की चालतं, असं म्हणणाऱ्यांनी ३० मे २०१७चा ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कचा अपघात पाहावा. सेस्ना ४४१, म्हणजे पिस्टनपेक्षा कितीतरी ताकदीची टर्बोप्रॉप इंजिनं. ठरवून, सांगून, टेकऑफनंतर इंजिन गेल्याचा सराव. विमानाला अपेक्षित वेग आणि चढ मिळाला नाही, ताबा सुटला. विमानात तिघं होते, त्यात कंपनीचा मुख्य वैमानिक आणि सरकारी नियामक संस्थेचा तपासनीस. तिघेही गेले.

आपल्या शहराला वरून विमान पडणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. २८ जून २०१८ला घाटकोपरला किंग एअर विमान कोसळलं तेव्हा आतले चौघं आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी गेला. ते चाचणी उड्डाण होतं, प्रशिक्षणाचं नव्हतं, विमानही पिस्टनचं नव्हतं. त्याची कारणं वेगळी आणि ती इथे जोडू नयेत. पण ज्या दुपारी ते झालं त्या दुपारी मी पार्ल्यात घरी होतो आणि पहिला फोन एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा आला, "आपला कोणी नाही ना त्यात?" हा प्रश्न सरावाच्या उड्डाणासाठी विचारायची वेळ कोणावर येऊ नये.

कमी उंचीवरचा हा अचानकपणा नेमकं काय शिकवतो हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. तो घाई शिकवतो. २०१५च्या फेब्रुवारीत तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२चं एक इंजिन टेकऑफनंतर गेलं; प्रॉप आपोआप फेदर झाला होता, विमान उडत राहू शकत होतं. वैमानिकाने चालू असलेलं इंजिन मागे घेतलं. ४३ माणसं गेली. तिथे हात वेगाने चालला, ओळख पटायच्या आधी चालला. आमच्या मुलांचाही तसाच चालतो. पारंपरिक, एकाच दिशेने फिरणाऱ्या इंजिनांत डावं बंद पडणं जास्त घातक म्हणून प्रशिक्षक बहुतेक वेळा डावंच ओढतात, आणि पोरं ते ओळखून उजवा पाय आधीच ताणून बसतात. याला सराव म्हणता येत नाही, ही पाठ केलेली गाइडमधली उत्तरं. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही: आत घेता येणारी चाकं असलेल्या बऱ्याच विमानांत चाकं वर असताना थ्रॉटल मागे घेतलं की चाकांचा इशारा देणारा भोंगा वाजू लागतो. सरावात तो वाजतच राहतो. पंधरा तास तो कानावर पडून, त्याकडे दुर्लक्ष करून, मुलगा उद्या खरोखर चाकं विसरेल तेव्हा त्या भोंग्याने त्याला जाग यावी अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

याला विरोध करणारे माझे जुने सहकारी आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. ते म्हणतात, सिम्युलेटरमध्ये पोटात गोळा येत नाही. पाय थरथरत नाही. बऱ्याच संस्थांकडचे सिम्युलेटर जागेवरून हलत नाहीत, आणि लाल रेघेच्या आसपास ते खऱ्या विमानासारखे वागतीलच असं नाही. हे सगळं मला मान्य आहे. पाय थरथरला पाहिजे. पण त्यासाठी जमीन जवळ कशाला हवी? ३,००० फुटांवर थ्रॉटल मागे घ्या, निळ्या रेघेचा वेग धरायला लावा, पाच मिनिटं तसंच उडवायला लावा. पिंडरी भरून येते आणि चढाचा काटा शून्याच्या आसपास घुटमळताना दिसतो. त्या पाच मिनिटांत मुलाला जे कळतं ते दोनशे फुटांवरच्या पाच सेकंदांत कळत नाही, तिथे तो फक्त घाबरतो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाची हस्तपुस्तिकाही प्रॉप खरोखर फेदर करण्यासाठी आणि व्हीएमसी दाखवण्यासाठी जमिनीपासून ३,००० फुटांचीच मर्यादा सांगते, आणि त्याखाली इंजिन गेल्याचं सोंग करायचं तर मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) किंवा इंधन बंद न करता हळूवार थ्रॉटल मागे घेऊनच करा म्हणते. थ्रॉटल मागे घेतलेलं इंजिन लगेच परत मिळतं. इंधन तोडलेलं मिळेलच याची हमी नसते.

उंचीवरही डोळे मिटून चालत नाही, आणि इथे आपल्या हवेचा मुद्दा पुन्हा येतो. टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीबरोबर घटते, म्हणून व्हीएमसीही खाली येते. स्टॉलचा वेग मात्र वेगमापकावर तिथेच राहतो. सेमिनोलचा, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) आणि चाकं वर असताना, स्टॉल ५७ नॉट्सला. लाल रेघ ५६. म्हणजे मेच्या दुपारी, विरळ हवेत, व्हीएमसी दाखवायला वेग कमी करत गेलात तर विमानाची दिशा हातातून जायच्या आधी ते स्टॉल होऊ शकतं, आणि एका बाजूचं इंजिन पूर्ण जोरात असताना झालेला स्टॉल म्हणजे स्पिनचं, गरगरत खाली कोसळण्याचं, आमंत्रण. अशा विमानांची स्पिनमधून बाहेर येण्याची चाचणी घेतलेली नसते. त्यावर साधा उपाय आहे: प्रशिक्षकाने पायाने रडरची हालचाल अर्ध्यावर अडवायची, म्हणजे दिशा सुटल्याचा अनुभव सुरक्षित वेगालाच येतो. हा उपाय प्रत्येक प्रशिक्षकाला शिकवलेला असलाच पाहिजे. आपल्याकडे अनेकदा प्रशिक्षक हा एअरलाइनच्या बोलावण्याची वाट पाहणारा पंचविशीतला मुलगा असतो, तास जमवत. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला ज्याने शिकवलं त्याच्याकडून तो पुठ्ठा त्याच्या हातात आलेला असतो, जसा माझ्या आला.

म्हणून माझी मागणी अशी आहे की टेकऑफनंतरच्या पहिल्या काहीशे फुटांतलं इंजिन-फेल आपल्या छोट्या विमानांतून पूर्णपणे काढावं आणि सिम्युलेटरमध्ये न्यावं, तेही विमानात बसण्याआधी. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाने सिम्युलेटरचे हे तास फीच्या पॅकेजमधला शोभेचा भाग राहू न देता त्यात काय काय झालं याची नोंद मागावी. विमानात हा सराव किती उंचीच्या खाली करायचा नाही, तो आकडा प्रत्येक संस्थेच्या पुस्तिकेत असावा, आणि तो समुद्रसपाटीच्या थंड हवेचा उसना आकडा नसून त्या गावच्या, त्या महिन्याच्या तापमानाचा हिशेब करून काढलेला असावा. प्रॉप फेदर केल्याचं सोंग करायचं तर थ्रॉटल पूर्ण मागे न ठेवता शून्य-थ्रस्टला, म्हणजे प्रॉप ओढतही नाही आणि अडवतही नाही अशा जागी, आणून ठेवावं, नाहीतर मुलगा खऱ्या फेदर केलेल्या विमानापेक्षा वाईट विमान उडवत असतो. आणि जवळून हुकलेले प्रसंग सांगणाऱ्या प्रशिक्षकाचं लायसन्स धोक्यात येऊ नये. मी माझा प्रसंग तेव्हा लिहून दिला असता तर त्या संस्थेतल्या दहा जणांना तरी उपयोग झाला असता.

यातल्या कशालाही नवीन विमान लागत नाही. आई-वडिलांनी फी भरताना एवढं विचारलं तरी पुष्कळ: तुमच्याकडे इंजिन गेल्याचा सराव किती उंचीच्या खाली करत नाहीत, आणि ते लिहिलेलं कुठे आहे? त्या ताईंनी हे फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाच्या संस्थेत फोन केला. उत्तर द्यायला समोरच्याला दोन दिवस लागले, पण आलं.

जूनमध्ये तो मुलगा बारामतीला परत जाण्याआधी क्लासमध्ये आला. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, एकीवर मी बसलो. समोरच्या टेबलावर दोन स्केचपेन, थ्रॉटल म्हणून. मी त्याला टेकऑफचं ब्रीफिंग मोठ्याने म्हणायला लावलं. खिडकीबाहेर पाऊस धरला होता. तो सरळ बसला, उजवा हात दोन्ही पेनांवर ठेवला आणि म्हणाला, "चाकं खाली आहेत, पुढे धावपट्टी आहे, निळी रेघ अजून आलेली नाही. इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे, नाक खाली, समोर उतरणार." मग हात न उचलता त्याने विचारलं, "सर, समोर धावपट्टी संपली असेल तर?" आम्ही बारामतीचा नकाशा उघडला आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे काय काय आहे, शेतं कुठली, विजेच्या तारा कुठे, ते एकेक करून पाहायला बसलो.